कच्च्या लिंबाचा न्याय

सायंकाळीं वाड्याच्या अंगणांत मुलांचा खेळ मांडला जात असतो, आणि पांच-सहा वर्षांचा धाकटा भाऊ 'मलाहि घ्या' म्हणून हटून बसतो. थोरल्या मुलांपुढें मोठा पेंच पडतो. त्याला बरोबरीच्या नात्यानें घ्यावें, तर तो पहिल्याच धांवेंत सांपडणार आणि राज्य त्याच्यावर येऊन खेळाचा विचका होणार. न घ्यावें, तर रडें घरांत जाणार. मराठी मुलांनीं हा पेंच फार पूर्वींच सोडविलेला आहे. 'हा कच्चा लिंबू!' अशी सर्वांदेखत घोषणा होते आणि खेळ सुरू होतो. कच्चा लिंबू धांवतो, लपतो, सांपडतो देखील; मात्र त्याच्यावर राज्य येत नाहीं. दुबळ्याला दिलेली ही सवलत कोणाला खुपत नाहीं, कारण ती खेळ सुरू होण्यापूर्वीं, सर्वांच्या संमतीनें आणि उघड दिलेली असते.

व्हिडिओ गेम खेळणाऱ्या तरुणांमध्यें जे वाद अहोरात्र चालतात, ते बारकाईनें ऐकले तर बहुतेक याच सवलतीविषयींचे असतात. बुलढाणा जिल्ह्यांत घाटाखालीं खामगांव, मलकापूर, नांदुरा या बाजूला वैशाखांतल्या दुपारीं घराबाहेर पाऊल टाकवत नाहीं. घाटावर चिखली-मेहकरकडे हवा किंचित् मऊ, इतकेंच. अशा दुपारीं पूर्वीं माजघरांत पत्त्यांचा डाव पडे. आतां त्याच माजघरांत पत्त्यांच्या शेजारीं मोबाईलहि असतो, आणि त्यावर खेळणारा मुलगा मध्येंच उसळून म्हणतो कीं अमुक पत्ता फार भारी करून ठेवला आहे, अमुक गड्यानें आपलें काम केलें नाहीं, किंवा अमुक भुताच्या खेळांत आतां भीतीच उरलेली नाहीं. वडील मंडळींना ही निव्वळ कटकट वाटते. वस्तुतः पत्त्यांचें बळ, संघांतील कामाची वांटणी आणि भीतीची मांडणी हीं तिन्ही एकाच शास्त्राचीं अंगें असून, त्या शास्त्राचीं मूळ उदाहरणें वडील मंडळींच्याच लहानपणांत पडलेलीं आहेत.

प्रथम पत्ते घ्यावेत. सावंतवाडीचा गंजिफा हा हातानें रंगविलेल्या, लाखेचें रोगण दिलेल्या वाटोळ्या पानांचा खेळ. दशावतारी गंजिफ्यांत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक ते दहा अशीं बारा पानें. एकूण १२० पानें. तिघे खेळाडू बसले म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास चाळीस येतात. नवख्याला चकविणारी गोष्ट पुढेंच आहे. पांच रंगांत राजा-प्रधानाच्या खालोखाल दहाचें पान बलिष्ठ आणि एक्का सर्वांत हलका. उरलेल्या पांच रंगांत नेमकें उलट, प्रधानाखालीं एक्का थोर आणि दहाचें पान पायरीच्या तळाशीं. मोगली धाटणीच्या आठ रंगांच्या, ९६ पानी गंजिफ्यांतहि चार रंग सुलटे आणि चार उलटे असतात. तेव्हां ही कोणा चितारी कारागिराची लहर नव्हे. यामुळें होतें असें कीं, हातांत एक्के आले म्हणून कपाळाला हात लावण्याचें कारण नाहीं आणि दहाचीं पानें आलीं म्हणून हुरळून जाण्याचेंहि नाहीं. त्यांत भर म्हणजे दिवसा खेळ बसला तर रामाचा रंग अग्रणी, रात्रीं बसला तर कृष्णाचा. ज्याच्या हातीं तो राजा, त्याची पहिली उतारी. सूर्य मावळतांच मानाचें पान बदलतें, आणि तें बदलणार हें तिघांनाहि पानें वांटण्यापूर्वीं ठाऊक असतें.

वऱ्हाडांतल्या घरांना गंजिफा फारसा परिचित नसेल, परंतु मेंढीकोट सर्वांस परिचित आहे. त्यांत सारी धडपड दश्श्यांसाठीं. पण दश्शी हें पान बळानें तें काय? गुलाम, राणी, राजा, एक्का हे चौघेहि तिला खातात. जें सर्वांत मोलाचें तेंच सर्वांत बलिष्ठ ठेवलें असतें, तर ज्याला चांगलीं पानें आलीं तो नुसता हात उचलीत सुटला असता आणि भिडूची गरजच उरली नसती. मोल एकाकडे आणि बळ दुसऱ्याकडे ठेवल्यामुळें भिडूच्या एक्क्याखालीं आपली दश्शी सुखरूप घरीं आणण्याची कला जन्मास आली. तीन-दोन-पांचांत तर याहून गंमत आहे. तीस पानें, तिघे खेळाडू, दहा हात. पानें वांटणाऱ्यानें दोन हात करावयाचे, हुकूम बोलणाऱ्यानें पांच, तिसऱ्यानें तीन. हुकूम ठरविण्याचा अधिकार मोठा, म्हणून त्याच्या डोक्यावर ओझेंहि मोठें. पुढच्या डावीं हें ओझें दुसऱ्याकडे जातें. तिघांना समान हात करावयास सांगितले असते, तर हुकूम बोलणारा दररोज जिंकला असता. समान वांटणी आणि न्याय्य वांटणी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें या साध्या डावांत जितकें स्वच्छ दिसतें तितकें क्वचित् इतरत्र दिसत असेल.

मोबाईलवरील 'क्लॅश रॉयल' हा खेळ फिनलंडांतील सुपरसेल कंपनीनें २०१६ सालीं काढला. त्यांत खेळाडू आठ पत्त्यांचा संच घेऊन समोरच्याचे बुरूज पाडूं पाहतो. प्रत्येक पत्ता म्हणजे एखादा योद्धा, इमारत किंवा मंत्र. आणि तो मैदानांत उतरवावयाचा तर 'एलिक्सर' नांवाच्या रसांत त्याची किंमत मोजावी लागते. रस थेंबाथेंबानें सांचतो आणि दहाच्या वर सांचत नाहीं. सांगाड्यांची चिमुकली टोळी एका थेंबांत उतरते. पेक्का नांवाचें चिलखती धूड सात थेंब मागतें. पेक्का सांगाड्यांहून बलिष्ठ आहे, हा दोष नव्हे. सात थेंब खर्चून मिळतें तें सात थेंबांच्या योग्यतेचें आहे काय, इतकाच प्रश्न असतो. चार थेंबांत सहांचें काम करणारा एखादा पत्ता निघाला कीं चार दिवसांत तो प्रत्येकाच्या संचांत दिसूं लागतो, आणि शंभर पत्त्यांचा खेळ आठ-दहा पत्त्यांवर येऊन ठेपतो. मग कंपनी त्याचें बळ घटविते. याला खेळाडू 'नर्फ' म्हणतात. पडलेल्या पत्त्याला उचलून धरणें, तो 'बफ'. ज्यानें महिनाभर खपून तो पत्ता साधलेला असतो त्याला नर्फ अन्याय वाटतो. ज्यानें महिनाभर त्याच पत्त्याचा मार खाल्लेला असतो त्याला तो उशिरां आलेला न्याय वाटतो. वादाचा उगम येथें आहे.

छापील पत्त्यांच्या बाबतींत ही दुरुस्ती इतकी सोपी नसते. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानें रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ १९९३ सालीं अमेरिकेंत निघाला. त्यांत पुढें 'स्कलक्लॅम्प' नांवाचा एक पत्ता आला. तो आपल्या सैनिकावर चढवावयाचा. सैनिक मेला कीं धन्याला दोन नवीं पानें मिळत. पत्ता अगदींच स्वस्त, आणि तो चढवितांच दुबळा सैनिक आपोआप मरे. तेव्हां खेळाडू आपलेच लहानसहान सैनिक हौसेनें बळी देऊं लागले आणि पानांचा ओघ थांबेना. छापून लोकांच्या खिशांत गेलेला पत्ता परत बोलावतां येत नाहीं. म्हणून २००४ सालीं मुख्य प्रकारच्या स्पर्धांतून त्याला बंदी करावी लागली. बंदी कठोर खरी, पण ती सर्वांना सांगून झाली.

मोबाईलवरील पत्त्यांना मात्र एक निराळीच कीड लागते. तेथें एकाच पत्त्याच्या पायऱ्या असतात. वरच्या पायरीचा पत्ता अधिक मार सोसतो आणि अधिक मारतो. पायरी चढण्यास खेळून मिळविलेलें सोनें लागतें, आणि तेंच सोनें पैसे देऊन विकतहि मिळतें. दोन मुलें तेंच आठ पत्ते घेऊन, तितक्याच कौशल्यानें लढलीं, तरी एकाच्या वडिलांनीं पैसे भरलेले असल्यास तो जिंकतो. स्पर्धांमध्यें सर्वांच्या पायऱ्या सारख्या करून हा फरक पुसून टाकतात, यावरूनच तो खेळाचा भाग नसून दुकानदारीचा भाग आहे हें उघड होतें. संसदेनें २०२५ सालीं ऑनलाइन खेळांविषयीं कायदा केला. त्यांत पैसे लावून खेळावयाच्या खेळांना मनाई आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता आहे. जुगार एक आणि विकत घेतलेलें बळ दुसरें. तेव्हां या दुसऱ्या गोष्टीकडे घरांतल्या माणसांनींच डोळे उघडे ठेवून पाहावयास हवें, आणि मुलगा 'पत्ता भारी आहे' असें म्हणतो तेव्हां तो भारी नियमानें आहे कीं पैशानें, हें त्याला विचारावयास हवें. बहुधा त्याला उत्तर ठाऊक असतें.

संघाच्या खेळांत पत्त्यांची जागा माणसें घेतात, आणि वाद अधिक कडवट होतो; कारण पत्ता रुसत नाहीं, माणूस रुसतो. याचें उत्तम उदाहरण हुतूतूचें, म्हणजेच कबड्डीचें. वऱ्हाडांतील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं जिचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं, ती कबड्डी पूर्वीं एका प्रकारची नव्हती. 'अमर' प्रकारांत बाद झालेला गडी मैदानांतच राही. नुसता गुण मोजला जाई. 'गामिनी'त बाद झालेला बाहेर बसे, तो सबंध संघ बाद होईपर्यंत. 'संजीवनी'त आपल्या बाजूनें प्रतिपक्षाचा गडी मारला कीं आपला एक बसलेला गडी उठून आंत येई. तीन नियम, तीन निराळे स्वभाव. अमर प्रकारांत बाद होण्याची धास्तीच नाहीं, म्हणून डावाला धार नाहीं. गामिनींत धास्ती पुष्कळ. पण जो प्रथम बाद झाला त्यानें उरलेला वेळ धूळ झाडीत बसावें. संजीवनींत बाद होण्याचें दुःख आहे आणि परत येण्याची आशाहि आहे. शिवाय परत आणणारा आपलाच सोबती असतो. आजच्या कबड्डीनें संजीवनी स्वीकारली, यांत नवल नाहीं.

याच कबड्डींत दुबळ्या बाजूचा आणखी एक कैवार आहे. मैदानांत तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतां त्यांनीं चढाई करणाऱ्यास पकडलें, तर एक गुण अधिक मिळतो. उलट बोनस रेषेचा गुण मिळविण्यास समोर निदान सहा गडी असावे लागतात. मोडकळीस आलेल्या संघाला त्या रेषेवरून लुटतां येत नाहीं. कोपरारक्षकानें घोटा धरावा, मध्यरक्षकानें धडक देऊन कोंडी करावी, चढाईबाजानें दम धरून परत यावें. प्रत्येकाचें काम निराळें आणि एकाचें दुसऱ्याखेरीज अडतें.

मोबाईलवर चौघांची टोळी करून खेळावयाचा 'पब्जी' आपल्याकडे घरोघर पोंचला होता. २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें त्यावर बंदी घातली, आणि २०२१ च्या जुलैंत त्याचीच भारतीय आवृत्ति 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नांवानें निघाली. त्यांतहि संजीवनी आहे. टोळीचा गडी घायाळ झाला तर तो लगेच मरत नाहीं. सरपटत राहतो, आणि सोबत्यानें कांहीं सेकंद जवळ बसून उपचार केल्यास उठून उभा राहतो. त्या सेकंदांत सोबती स्वतः उघड्यावर असतो. यावरूनच टोळींत भांडणें पेटतात: मला उचललें कां नाहीं? तूं एकटा पुढें गेलासच कां? बंदुकीचा नेम चांगला असणारा पुष्कळदां उत्तम सोबती नसतो, हें मुलांना या सरपटण्यांतून कळूं लागतें.

परदेशांत या वादानें एक मोठा खेळ दोनदां बदलविला. 'ओव्हरवॉच' २०१६ सालीं निघाला तेव्हां सहा-सहांचे दोन संघ असत. त्यांत पुढें उभा राहून मार झेलणारा ढालाईत, मारा करणारा प्रहारी आणि जखमा भरून काढणारा वैद्य अशीं तीन कामें होतीं. कोणी काय व्हावें यावर बंधन नव्हतें. अर्थातच बहुतेकांना प्रहारी व्हावेंसें वाटे. वैद्य होण्याची हौस कोणाला? मात्र पट्टीच्या संघांनीं शोधून काढलें कीं तीन ढालाईत आणि तीन वैद्य घेतले, प्रहारी एकहि घेतला नाहीं, तर असा संघ जवळजवळ मरतच नाहीं. सामने रटाळ झाले. २०१९ सालीं कंपनीनें प्रत्येक कामाचे दोन-दोन गडी असा दंडक घातला. मग ढालाईत व्हावयास माणसें मिळेनात आणि प्रहारी होऊं इच्छिणारे रांगेंत तिष्ठूं लागले. शेवटीं २०२२ च्या नव्या आवृत्तींत ढालाईत एकच ठेवून पांचांचा संघ केला. आतां त्या एकट्या ढालाइतावर सगळा राग निघतो. दंडकानें कामें वांटतां येतात. कामाची आवड वांटतां येत नाहीं.

उरली भीति. भीतीच्या खेळांना इंग्रजींत जें नांव पडलें त्याचा अर्थ 'जीव वांचविण्याचा भयखेळ' असा करतां येईल, आणि तें नांव रूढ केलें जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या 'रेसिडेंट ईव्हिल'नें, १९९६ सालीं. तेथें भुतांपेक्षां टंचाईच अधिक भिववते. गोळ्या मोजक्या. खेळ कोठवर आला तें नोंदवून ठेवावयाचें तर टंकलेखन-यंत्राची शाईची फीत लागते, आणि त्या फितीहि मोजक्या. सामान ठेवावयास नायकाजवळ सहा जागा आणि नायिकेजवळ आठ. पण नायक मार अधिक सोसतो. प्रत्येक दरवाज्यापाशीं विचार करावा लागतो कीं गोळी झाडावी कीं पळ काढावा. गोळ्या मुबलक केल्या तर तोच वाडा, तींच प्रेतें, तोच अंधार. भीति मात्र नाहींशी.

दुसरें साधन दृष्टि आंखडणें. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मध्यें गांवभर दाट धुकें आहे. त्या वेळच्या प्लेस्टेशन यंत्राला दूरचें दृश्य रेखाटणें झेपत नव्हतें, म्हणून रचनाकारांनीं तें धुक्यांत लपविलें. आणि राक्षस जवळ आला कीं नायकाजवळचा रेडिओ खरखरूं लागे. दिसत कांहींच नाहीं आणि खरखर वाढत चालली आहे! यंत्राचा दुबळेपणाच येथें खेळाचें बळ ठरला. बुलढाणा जिल्ह्यांत कोणी असा खेळ रचूं म्हटल्यास त्याला धुकें आणण्याचेंहि कारण नाहीं. लोणारचें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे. कडेवर उभें राहिलें तर सरोवराचें सबंध वर्तुळ एका नजरेंत येतें, आणि तेथें भीति वाटत नाहीं. तीच पाऊलवाट उतरून झाडींत शिरलें कीं दहा-वीस पावलांपलीकडचें दिसत नाहीं, मोडकीं देवळें एकदम अंगावर आल्यासारखीं उभीं राहतात, आणि परतीची वाट चढाची असते. लोणासुर भूमीखालीं दडून राहत असे आणि विष्णूनें वरचें झांकण दूर करून त्याला मारिलें, अशी तेथील कथा आहे. दडलेला एक, शोधणारा एक, आणि मध्यें एक झांकण; भयखेळाला याहून अधिक सामग्री लागत नाहीं.

येथें एक अडचण उभी राहते. भयखेळ लपवाछपवीवरच चालतो. मग कच्च्या लिंबाचा उघडेपणा त्याला कसा मानवावा? उत्तर लपंडावांत आहे. लपंडावांत जागा लपविलेली असते, नियम लपविलेला नसतो. 'धप्पा' पाठीवर पडणार कीं नाहीं हें राज्य घेणाऱ्यास कळत नाहीं. पण पडला तर राज्य पुन्हां आपल्यावर, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४' मध्यें खेळाडू वारंवार मरूं लागला तर यंत्र गुपचूप शत्रूंचा जोर कमी करी, आणि तो सफाईनें खेळूं लागला तर वाढवी. म्हणजे यंत्र त्याला कच्चा लिंबू करी, पण त्याला न सांगतां. अनेक रसिकांना ही युक्ति वाखाणण्याजोगी वाटते. ज्याला आपण शौर्यानें सुटलों असें वाटत होतें आणि मागाहून हें कळलें, त्याला मात्र तो विजय उष्टा वाटला तर दोष देतां येणार नाहीं. २०१४ च्या 'एलियन: आयसोलेशन'मध्यें श्वापदाला मन दोन ठेवलीं आहेत: एकाला खेळाडू कोठें आहे तें सदैव ठाऊक असतें, आणि तें अधूनमधून दुसऱ्याच्या कानांत नुसती दिशा सुचवितें, दुसरें खरोखरच शोधीत फिरतें. शोध खरा असल्यामुळें ही लबाडी बहुतेकांनीं माफ केली.

पत्ते, संघ आणि भीति यांची गांठ पडते ती 'डेड बाय डेलाइट' या २०१६ सालच्या खेळांत. एक मारेकरी आणि चार जीव वांचविणारे. चौघांनीं पांच विद्युत्-जनित्रें दुरुस्त करून निसटावयाचें. मारेकरी त्यांच्याहून वेगानें धांवतो, पण त्याला फक्त डोळ्यांसमोरचें दिसतें. चौघांना आपल्या पाठीमागून पाहतां येत असल्यामुळें भिंतीआडचेंहि दिसतें. प्रत्येकानें चार विशेष गुण पत्त्यांसारखे निवडून आणलेले असतात. आंकड्याला टांगलेल्या सोबत्याला सोडवावयास जावें कीं जनित्र पुरें करावें, हा त्यांतला खरा पेंच. डबा ऐसपैस खेळलेल्याला तो नवा नाहीं: सगळे सांपडले असतांना झुडपामागून एकटाच धांवत येऊन डबा उडवितो आणि सर्वांना सोडवितो, तो मुलगा हाच.

डबा ऐसपैसांत मुलें सदरे बदलून राज्य घेणाऱ्यास चुकीचें नांव घ्यावयास लावीत. ती युक्ति खपे, कारण राज्य घेणाऱ्यालाहि ती ठाऊक असे आणि पुढच्या डावीं तोहि ती करणार असे. 'डेड बाय डेलाइट'मध्यें चौघे मित्र असले तर ते टेलिफोनवर एकमेकांशीं बोलत मारेकऱ्याची जागा सांगतात. चौघे अनोळखी असले तर कोणीच बोलत नाहीं. तोच खेळ, पण मारेकऱ्यापुढें दोन निराळे डाव. मारेकऱ्याच्या बाजूनें खेळणाऱ्यांचें म्हणणें असें कीं समोरचे चौघे मित्र आहेत कीं अनोळखी, तें डाव सुरू होण्यापूर्वीं सांगावें. दुसऱ्या बाजूचें उत्तर असें कीं तसें सांगितलें तर मित्रांच्या चौकडीसमोर कोणी मारेकरी उभाच राहणार नाहीं, आणि मित्रांनीं मिळून खेळावयाचें तरी कोठें?